स्थलांतरितांचे आरोग्यसंरक्षण : ‘सरकारी’ आणि ‘खाजगी’ ह्या भेदाचा विचार
(नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांच्या संदर्भात)

१. प्रश्नाचे स्वरूप

नांदेड आणि लातूर ह्या जिल्ह्यांतून पोटासाठी बाहेर पडण्याची परंपरा जुनी आहे. एके काळी ही वाट मुख्यतः हैदराबादेकडे जात असे. पुढे ती सोलापूर, पुणे व मुंबई ह्या शहरांकडे वळली. ऊसतोडीच्या हंगामात कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट ह्या भागांतील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गेल्या काही दशकांत हीच वाट आखाती देश, ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेची संयुक्त संस्थाने येथपर्यंत पोहोचली आहे. ह्या स्थलांतराची कारणे आणि त्यातून होणारी मिळकत ह्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु परमुलखात माणूस आजारी पडला असता उपचाराचा भार कोणी उचलावयाचा, आणि घरी राहिलेल्या वृद्ध आईवडिलांचा भार कोणी उचलावयाचा, ह्या प्रश्नाच्या इतिहासाकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही.

परदेशी जाण्याच्या तयारीत असलेला तरुण हा प्रश्न एका ठरावीक रूपात विचारतो : विमा सरकारी घ्यावा की खाजगी? प्रश्न रास्त आहे, पण तो ज्या शब्दांत विचारला जातो ते शब्द पुरेसे नेमके नाहीत. ह्या दोन जिल्ह्यांचा गेल्या सत्तर वर्षांचा अनुभव पाहिला, तर त्याच्याही आधी विचारावयाचे दोन प्रश्न आहेत असे दिसते. पहिला असा की, संरक्षणाचा हक्क कशावर उभा आहे? तो रहिवासावर उभा आहे, मजुरीवर की करारावर? दुसरा असा की, ते संरक्षण ‘कुटुंब’ कोणास म्हणते? ह्या दोहोंची उत्तरे मिळाल्यावाचून सरकारी आणि खाजगी ह्यांतील निवड ही बहुतांशी अंधारातील निवड ठरते.

२. शब्दांचा विचार

प्रथम शब्द पाहू. ‘विमा’ हा शब्द फारसी ‘बीमा’पासून मराठीत आला. परंतु जोखमीची वाटणी ही कल्पना आपल्याकडे परकी नव्हती. व्यापारात जोखमी हुंडीचा प्रघात होता. माल सुखरूप पोहोचला तरच त्या हुंडीचे पैसे द्यावे लागत, आणि वाटेतील धोका दुसरा कोणी तरी पैसे घेऊन आपल्या शिरावर घेत असे. म्हणजे प्रवास आणि जोखीम ह्यांचे नाते ह्या व्यवहारात आरंभापासूनच होते. फरक एवढाच की, त्या वेळी विमा मालाचा उतरविला जाई; माणसाचा नव्हे.

‘सरकारी’ आणि ‘खाजगी’ ही जोडी आज परस्परविरोधी मानली जाते. ‘खाजगी’ किंवा ‘खासगी’ हा शब्द ‘खास’ ह्या अरबी शब्दाशी जोडलेला आहे. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ अशी दोन वेगळी खाती होती, आणि अहिल्याबाईंनी देशभर बांधविलेले घाट, विहिरी व धर्मशाळा ह्यांचा खर्च ‘खासगी’तून होत असे. तेव्हा ‘खासगी’ म्हणजे लोकोपयोगी नसलेले, असा अर्थ त्या शब्दात मुळात नव्हता. पैसा कोणत्या खात्यातील, एवढेच तो सांगत असे.

आरोग्यसंरक्षणाच्या बाबतीत ही जुनी अर्थमर्यादा पुन्हा ध्यानात घेतली पाहिजे. कारण येथे एक शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो : पैसा कोणाचा, व्यवस्था कोणाची आणि उपचार कोणाचा. भारतात १९८६ साली सुरू झालेली ‘मेडिक्लेम’ ही पॉलिसी लोक खाजगी विमा म्हणून ओळखतात. परंतु ती बाजारात आणणाऱ्या साधारण विमा कंपन्या त्या वेळी सरकारी मालकीच्या होत्या. उलट, २०१२ साली महाराष्ट्र शासनाने सुरू केलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सरकारी म्हणून ओळखली गेली; तिचा हप्ता शासन भरत असे, परंतु उपचार पुष्कळदा खाजगी रुग्णालयांत होत. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून चालत आले आहे. ते सरकारी नव्हे, आणि नफ्यासाठी चालविलेला धंदाही नव्हे. अशा स्थितीत ‘सरकारी की खाजगी’ ह्या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर असू शकत नाही, हे उघड आहे.

३. १९५६ ची सीमा आणि रुग्णांची वाट

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, आणि पुढील आठ वर्षे मराठवाडा हैदराबाद राज्यातच राहिला. ह्या राज्याची राजधानी ही येथील लोकांच्या दृष्टीने शिक्षणाची, न्यायाची आणि मोठ्या उपचारांचीही राजधानी होती. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षणसुद्धा उर्दूतून दिले जाई. मराठवाड्यात ‘दवाखाना’, ‘इलाज’, ‘मरीज’ हे शब्द घरोघर रुळले, त्यामागे हा दीर्घ सहवास आहे. दुर्धर आजाराच्या रुग्णाला अफझलगंजातील उस्मानिया रुग्णालयात नेणे म्हणजे आपल्याच राज्याच्या राजधानीत नेणे होते.

ह्याच राज्यात ‘मुल्की’ आणि ‘गैरमुल्की’ हा भेद प्रचलित होता. १९१९ च्या नियमांनुसार सरकारी नोकरी मुल्कींसाठी राखलेली असे, आणि मुल्की ठरण्यासाठी संस्थानातील जन्म किंवा पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागे. हा नियम नोकरीपुरता होता, आरोग्याशी त्याचा संबंध नव्हता. तरीही रहिवास हा हक्काचा पाया असतो आणि तो कागदाने सिद्ध करावा लागतो, ही कल्पना ह्या भागातील लोकांच्या परिचयाची झाली ती अशा नियमांमुळे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला. परंतु देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे त्यातून वगळली जाऊन आंध्र प्रदेशात गेली. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका इकडे आला. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके उस्मानाबाद जिल्ह्याला जोडले गेले, आणि १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते त्यात समाविष्ट झाले.

ही सीमा भाषेच्या तत्त्वावर आखली गेली, आणि ते तत्त्व योग्यच होते. परंतु भाषेची सीमा आणि रुग्णांची वाट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देगलूरच्या माणसाला निजामाबाद जवळ, उदगीरच्या माणसाला बिदर जवळ, आणि दोघांनाही मोठ्या उपचारासाठी हैदराबादची ओळख अधिक. १९५६ साली औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, पण नांदेडला ते १९८८ साली आणि लातूरला २००२ साली मिळाले. मधल्या काळात सीमाभागातील रुग्ण जुन्याच वाटेने जात राहिला. रेल्वे तीच होती, दवाखाना तोच होता. मात्र आता तेथे तो परराज्यातील माणूस होता. जोपर्यंत सरकारी दवाखान्यात येईल त्याला तपासण्याचा प्रघात होता, तोपर्यंत ह्या बदलाची झळ फारशी जाणवली नाही. संरक्षण जेव्हा पत्रिकेवर नोंदले जाऊ लागले, तेव्हा ती जाणवू लागली.

४. शिधापत्रिकेची सीमा

२००७ साली आंध्र प्रदेशात ‘आरोग्यश्री’ योजना सुरू झाली. तिचा आधार होता त्या राज्याची पांढरी शिधापत्रिका. महाराष्ट्राने त्याच धर्तीवर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली. पहिल्या टप्प्यात आठ जिल्हे होते : गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. पिवळी किंवा केशरी शिधापत्रिका असलेल्या कुटुंबास वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनामूल्य मिळू लागले. उर्वरित जिल्ह्यांत, आणि म्हणून लातुरातही, ही योजना आली ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी.

ह्या तारखांचा अर्थ ह्या दोन जिल्ह्यांपुरता पाहण्यासारखा आहे. नांदेड जिल्ह्यातील लोहा आणि लातूर जिल्ह्यातील अहमदपूर हे तालुके परस्परांस लागून आहेत. दोहोंकडील शेती, सोयरिकी आणि बाजार एकमेकांत गुंतलेले आहेत. तरीसुद्धा सोळा महिन्यांहून अधिक काळ लोह्याच्या केशरी पत्रिकेस हृदयाची शस्त्रक्रिया मिळत होती आणि अहमदपूरच्या केशरी पत्रिकेस मिळत नव्हती. रोग एकच, राज्य एकच, पत्रिकेचा रंगही एकच. भेद होता तो पत्रिकेवरील जिल्ह्याच्या नावाचा. रहिवासावर उभ्या असलेल्या हक्काचे बळ आणि त्याची मर्यादा ह्या दोन्ही गोष्टी येथे एकत्र दिसतात. असा हक्क माणसाचे उत्पन्न बुडाले तरी टिकतो, त्याचे वय वाढले तरी टिकतो. माणूस जागा सोडून गेला, तर मात्र तो मागे राहतो.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाच्या बाबतीत ही मर्यादा फार जाचक ठरली. कर्नाटकातील फडावर आजार उद्भवला तर शिधापत्रिका घरी आणि मनुष्य परमुलखात, अशी स्थिती होई. अशा वेळी पैसा येई तो मुकादमाकडून, आणि तो उचलीत मिळविला जाई. म्हणजे आजाराचा खर्च पुढील हंगामाच्या श्रमातून फेडावा लागे. ह्याला संरक्षण म्हणता येणार नाही. ते कर्जच होय.

सीमा ओलांडणारे सरकारी संरक्षण निर्माण करण्याचे प्रयत्न मागाहून झाले. २००८ साली केंद्राने सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत वर्षाला तीस हजार रुपयांपर्यंतचे संरक्षण देशभर चालणाऱ्या कार्डावर मिळे. मात्र कुटुंब पाच जणांचेच धरले जाई. २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत ही रक्कम पाच लाख झाली, माणसांच्या संख्येची अट गेली, आणि योजनेत सामील असलेल्या राज्यांमधील संलग्न रुग्णालयांत कोठेही उपचार घेण्याची सोय झाली. राज्याच्या योजनेस २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव आहे. तिचे संरक्षणही पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा आणि ते राज्यातील सर्व रहिवाशांना लागू करण्याचा निर्णय २०२३ साली झाला.

त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांतील मराठी भाषकांना ही योजना लागू करण्याचे ठरविले, आणि कर्नाटक शासनाने त्यास आक्षेप घेतला. भाषाभ्यासाच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. ज्यांचा रहिवास एका राज्यात आहे त्यांना दुसऱ्या राज्याने भाषेच्या नात्याने आरोग्यसंरक्षण देऊ करावे, असे उदाहरण विरळा. त्या आक्षेपाचे मर्मही राजकीय अभिनिवेश बाजूला ठेवून समजून घेता येते. आरोग्याचा हक्क रहिवासातून येतो असे मानले, तर तो देण्याचा अधिकार त्या भूमीच्या शासनाचा ठरतो. आणि तो भाषिक नात्यातून येतो असे मानले, तर नकाशावरील रेषेचा अर्थच बदलतो.

५. देशाबाहेरील तीन पद्धती

देशाची सीमा ओलांडली की वर सांगितलेली सर्व भारतीय संरक्षणे थांबतात. शिधापत्रिकेस किंवा आयुष्मान कार्डास परदेशातील रुग्णालयात काही अर्थ नसतो. तेथे गेलेल्या माणसास तीन प्रकारच्या पद्धतींपैकी एकीत प्रवेश घ्यावा लागतो.

पहिली पद्धत कराराची होय. आखाती देशांत परदेशी कामगाराचे संरक्षण मुख्यतः मालकाशी झालेल्या करारातून येते. सौदी अरबस्तानात १९९९ च्या कायद्याने आणि दुबईत २०१३ च्या कायद्याने मालकावर कामगाराचा आरोग्यविमा उतरविण्याचे बंधन घातले. भारताकडूनही एक सोय आहे. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमाखाली, दहावी उत्तीर्ण नसलेल्या आणि ठरावीक देशांत कामाला जाणाऱ्या व्यक्तीस प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा घ्यावा लागतो. २००३ साली सुरू झालेल्या ह्या योजनेत अपघाती मृत्यू व कायमचे अपंगत्व ह्यांसाठी दहा लाख रुपयांचे संरक्षण आहे, आणि उपचाराचा खर्च त्या मानाने फार अल्प मर्यादेपर्यंत मिळतो. येथे निवडीस वाव थोडा असतो. खरे पाहावयाचे ते एवढेच, की मालकाने विमा प्रत्यक्षात उतरविला आहे की नाही आणि नोकरी सुटली तर तो किती दिवस चालतो. दुबईच्या कायद्यात मालकाचे बंधन कामगारापुरते असते. पत्नी आणि मुले ह्यांची जबाबदारी त्यांना बोलावून घेणाऱ्यावर, म्हणजे बहुधा त्या कामगारावरच पडते.

दुसरी पद्धत रहिवासाची होय. ब्रिटनमधील राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. तिचा खर्च करांतून चालतो, आणि तेथे रीतसर राहणारा माणूस तिचा हक्कदार असतो. परंतु तात्पुरत्या परवान्यावर येणाऱ्या परदेशी व्यक्तीस ६ एप्रिल २०१५ पासून आरोग्य अधिभार द्यावा लागतो. आरंभी तो वर्षाला २०० पौंड होता. ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढांस १,०३५ पौंड झाला, आणि परवान्याच्या सर्व वर्षांची रक्कम अर्जाबरोबर आगाऊ भरावी लागते. परिचारिका व आरोग्यसेवक ह्यांच्या विशेष परवान्यास हा अधिभार माफ आहे. नांदेड-लातूर भागातून परिचर्येचे शिक्षण घेऊन जाणाऱ्यांच्या दृष्टीने ही सवलत लहान नव्हे. ह्या पद्धतीत खाजगी विमा हा सरकारी सेवेस पर्याय नसून पुरवणी असतो. अधिभार भरावाच लागतो. खाजगी विमा घ्यावयाचा तो प्रतीक्षेचा काळ टाळण्यासाठी.

तिसरी पद्धत मजुरीवर आधारलेल्या विम्याची. तिचे मूळ जर्मनीत १५ जून १८८३ च्या कायद्यात आहे. बिस्मार्कच्या काळी झालेल्या ह्या कायद्याने औद्योगिक कामगारांचा आजारपणाचा विमा सक्तीचा केला आणि त्याचा भार कामगार व मालक ह्यांत वाटून दिला. हीच कल्पना भारतातही आली. १९४३ साली प्रा. बी. पी. आडारकर ह्यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करण्याचे काम सोपविण्यात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखात्याचे सदस्य होते. १९४४ साली सादर झालेल्या आडारकरांच्या अहवालातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा अधिनियम आकारास आला. परंतु ती योजना संघटित उद्योगांपुरती राहिली, आणि मराठवाड्यासारख्या शेतीप्रधान प्रदेशात बहुसंख्य लोक तिच्या बाहेरच राहिले.

६. जर्मनीतील निवड

२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, आणि त्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग सुरू करण्याचे ठरविले. त्यामुळे ‘सरकारी की खाजगी’ हा प्रश्न मराठवाड्यातील तरुणापुढे प्रथमच इतक्या स्पष्टपणे आला. कारण सक्तीच्या विम्यातून बाहेर पडून त्याऐवजी खाजगी विमा घेण्याची मुभा जर्मनीत कायद्यानेच दिलेली आहे.

तेथील व्यवस्था अशी आहे. ठरावीक मर्यादेपेक्षा कमी पगार असलेल्या नोकरदारास सार्वजनिक विमा सक्तीचा असतो. २०२५ साली ही मर्यादा वर्षाला ७३,८०० युरो होती. तिच्यावर पगार असणारा, तसेच स्वतंत्र व्यवसाय करणारा, खाजगी विमा घेऊ शकतो. सार्वजनिक विम्याची वर्गणी पगाराच्या प्रमाणात असते : मूळ दर १४.६ टक्के, शिवाय प्रत्येक विमासंस्थेचा थोडा अतिरिक्त दर, आणि दोन्ही निम्मे मालकाने भरावयाचे. उत्पन्न नसलेली पत्नी किंवा पती आणि मुले त्याच वर्गणीत समाविष्ट होतात. खाजगी विम्याचा हप्ता पगारावर अवलंबून नसतो. तो विमा घेतानाचे वय, प्रकृती आणि निवडलेल्या सोयी ह्यांवर ठरतो, आणि कुटुंबातील प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा असतो.

पंचविशीतील, एकट्या आणि धडधाकट माणसास खाजगी हप्ता पुष्कळदा स्वस्त वाटतो, आणि ते खोटे नसते. दोन-तीन वर्षे राहून परतावयाचे निश्चित असेल, तर ती निवड समजण्यासारखी आहे. पण ह्या मार्गावर मागे फिरण्याचे दार हळूहळू बंद होत जाते. पगार मर्यादेखाली आला तर सार्वजनिक विम्यात परत जाता येते. वयाच्या ५५ व्या वर्षानंतर मात्र ते जवळजवळ अशक्य होते. विद्यार्थ्यास सार्वजनिक विम्यातून सूट घेता येते, परंतु एकदा घेतलेली सूट त्या शिक्षणक्रमात मागे घेता येत नाही. आणि विद्यार्थ्यांचा सवलतीचा सार्वजनिक विमा साधारणतः तिसाव्या वर्षापर्यंतच मिळतो. म्हणजे जी निवड महिन्याच्या हप्त्याची म्हणून केली जाते, ती वस्तुतः पुढील तीस वर्षांची असते. विवाह, अपत्ये, प्रकृतीचा बदल, उतारवयातील घटलेले उत्पन्न ह्या सर्वांचा हिशेब पहिल्याच सहीत होऊन जातो.

अमेरिकेत ह्याहून वेगळी स्थिती आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तेथे पगारवाढीवर नियंत्रण आले, आणि मालकांनी कामगार टिकविण्यासाठी आरोग्यविमा देण्यास सुरुवात केली. तेव्हापासून नोकरी आणि विमा ह्यांची गाठ पडली. १९६५ साली दोन कायदे झाले : ३० जुलै रोजी वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’चा, आणि ३ ऑक्टोबर रोजी आशियाई लोकांना दार उघडणारा नवा स्थलांतर कायदा. मराठी अभियंते आणि डॉक्टर ह्यांची मोठी लाट आली ती ह्या दुसऱ्या कायद्यानंतर. त्यांच्यापैकी कामाच्या वयातील बहुतेकांना सरकारी संरक्षणाचा मार्ग नव्हता. नोकरीतून मिळणारा खाजगी विमा हाच त्यांचा आधार होता, आणि नोकरी सुटताच तो डळमळे. नोकरी सुटल्यावर तोच विमा काही काळ चालू ठेवता येतो, पण मग मालकाचा वाटाही स्वतःच भरावा लागतो. गावाकडील आईवडिलांना कायमच्या वास्तव्यासाठी नेले, तरी पासष्टी ओलांडलेल्या नवागतास मेडिकेअरमध्ये शिरण्यासाठी पाच वर्षांचा सलग रहिवास लागतो.

७. ‘कुटुंब’ कोणास म्हणावे

येथवर आलेल्या सर्व व्यवस्थांत एक शब्द वारंवार येतो, आणि तो प्रत्येक ठिकाणी वेगळ्या अर्थाने येतो. मराठीत ‘कुटुंब’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक अर्थ सबंध घराचा. दुसरा, आता जुना झालेला, केवळ पत्नीचा. लोह्याच्या शिधापत्रिकेवर आजी, चुलता, नातवंडे अशी सारी नावे असू शकतात, आणि राज्याच्या योजनेने त्या सर्वांस एक कुटुंब मानले. राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेने पाचावर रेघ ओढली. जर्मनीच्या सार्वजनिक विम्यात कुटुंब म्हणजे पत्नी किंवा पती आणि मुले, आईवडील नव्हेत. दुबईतील मालकाच्या लेखी कामगार एकटाच.

मराठवाड्यातून गेलेल्या माणसाच्या मनातील कुटुंब मात्र पहिल्या अर्थाचे असते. तो आपल्या संरक्षणाचा विचार करताना औसा किंवा भोकर येथील वडिलांच्या मधुमेहाचाही विचार करीत असतो. परदेशातील कोणतेही संरक्षण, सरकारी असो वा खाजगी, ह्या वडिलांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून गावाकडील पत्रिकेतील नावे नीट ठेवणे हा परदेशगमनाच्या तयारीचाच एक भाग ठरतो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पाच लाखांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले. २०२४ सालीच विमा-नियामकांनी खाजगी विमा घेण्यासाठी असलेली पासष्ट वर्षांची मर्यादा काढून टाकली, आणि पूर्वीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला. सत्तरीच्या आतील आईवडिलांसाठी हा बदल उपयोगी आहे. परंतु तीन वर्षेही वृद्धापकाळात थोडी नव्हेत, म्हणून मुलगा निघण्यापूर्वी पॉलिसी सुरू होणे आणि तो निघाल्यावर सुरू होणे ह्यांत मोठा फरक पडतो.

कागदावरील संरक्षण आणि प्रत्यक्ष उपचार ह्यांतील अंतरही येथे नोंदविले पाहिजे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ ह्या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. त्या घटनेनंतर मनुष्यबळ, औषधे आणि दूरदूरच्या तालुक्यांतून, शेजारच्या राज्यातूनही, येणाऱ्या रुग्णांचा भार ह्यांची चर्चा झाली. हक्क असणे आणि तो जेथे बजावावयाचा ते रुग्णालय सुस्थितीत असणे ह्या दोन गोष्टी आहेत. पहिलीचा विचार करणाऱ्याने दुसरी विसरता कामा नये.

८. निष्कर्ष

ह्या विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, करारावर उभे असलेले संरक्षण नोकरीबरोबर जाते, मजुरीवर उभे असलेले उत्पन्नाच्या चढउताराबरोबर बदलते, आणि रहिवासावर उभे असलेले जागा सोडताच सुटते. ज्याला आपल्या आयुष्यात पुढे काय बदलण्याचा संभव आहे हे ठाऊक आहे, त्याने तेच बदलल्यावरही टिकेल असे संरक्षण निवडावे. दुसरी, खाजगी आणि सरकारी ह्यांची तुलना केवळ आजच्या हप्त्यावर करणे चुकीचे होय. मागे फिरण्याचे दार कोणत्या वयापर्यंत आणि कोणत्या अटीवर उघडे आहे, हेही त्या किमतीतच मोजले पाहिजे. तिसरी, परदेशी कायद्याचे कुटुंब आणि घरचे कुटुंब ह्यांत जे अंतर उरते ते कोणतीही एक योजना भरून काढीत नाही. त्यासाठी गावाकडील संरक्षण वेगळे राखावे लागते.

१९५६ साली देगलूरच्या रुग्णाखालची भूमी हलली नव्हती; फक्त नकाशावरील रेषा हलली होती, आणि तेवढ्याने तो राजधानीच्या रुग्णालयात परका झाला. २०१२ साली अहमदपूरचा शेतकरी जागचा हललाही नाही, तरी तो संरक्षणाबाहेर राहिला. ह्या प्रदेशातून श्टुटगार्ट किंवा दुबईस जाणारा तरुण नवख्या प्रश्नास सामोरा जात आहे असे त्याला वाटते. वस्तुतः तोच प्रश्न त्याच्या घरातील मागील दोन पिढ्यांनी सोसलेला आहे. तेव्हा रेषा दुसऱ्यांनी आखल्या होत्या. ह्या वेळी ती तो स्वतः ओलांडतो आहे, आणि म्हणून निघण्यापूर्वी विचार करण्यास त्याच्यापाशी अवधी आहे.